मसाल्याचे दिवस आहेत, डॉक्टर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, दाढी करणाऱ्या शांतारामजवळही नाही — आणि त्याच्या खुर्चीत तर जळगावातलं आमचं अर्धं पिंप्राळं पोटातलं ओठावर आणतं. आत्ता लिहायला बसलोय ती भर दुपार आहे, उन्हामुळे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, तरी दोनदा उठून दाराची कडी बघून आलो. कुणाला भितो मी? सांगतो. घाई करू नका. हे मला एकदम बोलता येणार नाही.

तुम्ही मला ओळखत असाल तर हसाल. गप्प बसलेला दिलीप जळगावात कुणी पाहिलेला नाही. माझं विजेच्या सामानाचं छोटंसं दुकान आहे. माणूस होल्डर घ्यायला येतो आणि तासाभराने होल्डर विसरून गोष्ट घेऊन जातो. वावटळीत माझ्या दुकानाची पाटी उडाली ती थेट पारोळ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसली, आणि आतली ट्यूब तरी चालूच होती — ही तर मी इतक्यांदा सांगितलीय की पारोळ्याची माणसं येऊन मला ती परत सांगतात. खरं काय? पाटी समोरच्या गटारीत पडली. ट्यूब फुटली.

पण मी खोटारडा नाही, असं मी समजायचो. थाप ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते ना? तोही मजेत मान हलवतो, जाताना हसत जातो. खोटं वेगळं. खोट्यात समोरचा हसत नाही. तेव्हा आज एक ठरवून बसलोय — आकडा फुगला की मीच टाचणी लावणार.

आमच्या गल्लीत तिसरं घर इंदूअक्कांचं. माहेर धुळ्याकडचं, म्हणून बोलणं अजून पक्कं अहिराणी. त्यांचे यजमान नाना जिनिंगमध्ये फिटर होते, आता निवृत्त. एकुलती मुलगी प्रज्ञा पुण्याला शिकत होती, ती एका सुट्टीत इग्वाना घेऊन घरी आली. इग्वाना म्हणजे परदेशी जातीचा मोठा हिरवा सरडा. पाठीवर करवतीसारखे दाते, गळ्याखाली लोंबती पिशवी. मी गल्लीत सांगितलं, सहा फुटी आहे. होता तीन फूट, त्यातलं दोन फूट शेपूट. कुणी म्हणालं ही घोरपड आहे, आता जंगलखातं नानांना उचलून नेणार. प्रज्ञाने घरोघरी जाऊन कागद दाखवले तेव्हा गल्ली शांत झाली. मग तिला बंगळूरला नोकरी लागली, आणि इग्वाना राहिला अक्कांकडे.

पहिले पंधरा दिवस अक्का त्याच्या खोलीत झाडू घेऊन जायच्या. सोळाव्या दिवशी त्यांनी त्याचं नाव हिरालाल ठेवलं. शेवग्याचा पाला, जास्वंदीचं फूल, किसलेला तांबडा भोपळा — सगळं स्वतःच्या हाताने भरवायच्या. दुपारचं जेवण आटपलं की मागच्या खोलीत त्याच्या पिंजऱ्यापुढे पाट टाकून बसायच्या आणि प्रज्ञाला फोनवर जे सांगता येत नाही ते सगळं त्याला सांगायच्या. नाना बाहेरून ओरडायचे, "चाळीस वर्सं मना संगे इतली बोलनी नही!"

आता दिव्याकडे येतो. यायलाच लागणार.

अशा प्राण्याला ऊन लागतं. घरात ठेवला तर उन्हाच्या जागी खास दिवा लावतात, त्यातून अतिनील किरण निघतात. ते मिळाले नाहीत तर त्याची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. आणि ह्या दिव्याचा दगा असा, की उजेड चालू राहतो पण किरण वर्षभरात संपून जातात. डोळ्याला काही कळत नाही. धुळ्याला अशा प्राण्यांचे एक डॉक्टर आहेत, त्यांनी अक्कांना फोनवर हेच समजावलं. पुढे म्हणाले, महागडा नवा दिवा घेण्याआधी जुना मोजून बघा. धुळ्यातल्या चौघांनी वर्गणी काढून किरण मोजायचा एक मीटर घेतलाय. तो पत्र्याच्या डब्यात घालून एसटीच्या पार्सलने गावोगाव फिरतो, तुम्हालाही पाठवतील. हिरालाल बसतो तिथे आकडा तीन ते चारच्या मध्ये आला की समजा दिवा बरा.

एवढं ध्यानात ठेवा. मीटर मिळत होता. फक्त मागवायचा होता.

अक्का दुकानात आल्या, दिवा पदरात गुंडाळलेला. "दिलीप, हाऊ दिवा जित्ता शे का मरी गया, तेवढं देखी दे. नही त ते मीटर मांगाडनं पडी."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. दोनच. आणि दोन माणसांसमोर "मला हे येत नाही" असं म्हणणं मला जमत नाही. माझी सगळी कुंडली एवढीच आहे.

"मीटर कशाला, अक्का? आपल्याकडे आहे की," मी म्हणालो, आणि खिशातून पांढरा रुमाल काढला.

रुमालाची युक्ती निव्वळ थाप नव्हती, हेच वाईट. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात ते अतिनील किरणांत निळसर पेटतं. लग्नात डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली वऱ्हाडाचे पांढरे शर्ट कसे भुतासारखे चमकतात, तसं. मी शटर अर्धं ओढलं, दिवा लावला, रुमाल खाली धरला. चमक अगदी मंद. "मेला," मी जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी आ वासला. संध्याकाळपर्यंत गल्लीत तो रुमाल जर्मनीहून आलेला होता, आणि हे मीच पसरवलं होतं. मग कासववाले, मासेवाले दिवे तपासायला येऊ लागले. मी सांगायचो, पन्नास जण येऊन गेले. आले सहा. एक जण यावलहून बसने आला, दिवा चादरीत तान्ह्या पोरासारखा धरून.

रुमाल नेमकं काय मोजत होता? हाडांना लागणारे किरण वेगळे, रुमाल पेटवणारे वेगळे, आणि डोळे जाळणारे तिसरेच. रुमालाला त्यांतलं काही कळत नाही. तो बापडा कशानेही चमकतो. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं का? अर्धं नव्हतं. अर्धं होतं. त्या ठाऊक असलेल्या अर्ध्याकडेच मी चाललोय.

लॉकडाऊनमध्ये मी पेट्या बनवल्या होत्या. भाजी, चाव्या, मोबाइल आत ठेवायचे, झाकण लावायचं, आतली निळी ट्यूब जंतू मारायची. लोकांनी घेतल्या. नंतर साथ ओसरली आणि ट्यूबांचं एक खोकं माझ्याकडे पडून राहिलं. त्या पेटीला मी एक बटण बसवायचो — झाकण उघडलं की ट्यूब आपोआप बंद. का बसवायचो? कारण प्रत्येक ट्यूबच्या पुठ्ठ्यावर एक चित्र होतं. डोळ्याचं चित्र, आणि त्याच्यावरून आडवी मारलेली लाल रेघ.

आता कळलं ना मी कुठे निघालोय?

सरड्याचा खरा दिवा मुंबईहून यायला तीन आठवडे लागणार होते. मी म्हणालो, "अक्का, तोवर हिरालालची हाडं कशाला झिजवायची? मी करून देतो." त्या खोक्यातली एक ट्यूब काढली, पत्र्याच्या टोपणात बसवली, अक्कांच्या मागच्या खोलीत नेऊन पिंजऱ्यावर टांगली आणि रुमाल धरला. काय चमकला! चांदणं सांडल्यासारखा. मी ओरडलो, "पास!" अक्कांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी दारातूनच विचारलं, "आते हाऊ सरडा नाचाले लागी का?"

आणि एक गोष्ट. रुमाल धरताना मी हात लांब करून, तोंड दाराकडे फिरवून उभा होतो. डोळे मिटून. अक्कांना वाटलं, तपासायची रीतच तशी असेल.

मी स्वतःचे डोळे वाचवले. त्यांना "बघू नका" असं म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, का रे? त्याचं उत्तर देता देता रुमाल गेला असता, जर्मनी गेली असती, समोरची ती टाळी गेली असती. जळगावच्या बेचाळीस डिग्रीत सरडे भिंतीवर मजेत बसतात, त्यांना एक ट्यूब काय करणार — असंही काहीतरी मनाशी म्हणालो. पण जो माणूस स्वतः तोंड फिरवतो, त्याला मनातून काय वाटत असतं हे तुम्हीच ओळखा.

दिवसभर ती ट्यूब जळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का नेहमीसारख्या पाट टाकून तासभर बसल्या. खोलीत वीज पडल्यावर येतो तसा वास येतो म्हणाल्या. दिवेलागणीला त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नाना त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. परतताना दुकानासमोर थांबल्या. डोळे सुजलेले, कपाळ आणि नाक लाल, आणि तरी हसत होत्या. "डोयामा रेती गई जशी, दिलीप. डाक्टर इचारस, वेल्डिंग देखं का? आते ह्या वयमा मी वेल्डिंग कराले जासू का?"

नानाही हसले. मीही हसलो.

वेल्डिंग. तेच किरण वेल्डिंगमधूनही निघतात; त्या डॉक्टरांनी ट्यूब न बघता नाव घेतलं होतं. मला आता फक्त एवढं म्हणायचं होतं, "अक्का, ती ट्यूब काढतो, माझी चूक झाली." किती शब्द होतात? मोजून बघा. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "थेंब टाकत राहा."

त्याच दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. हिरालाल पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. दोन्ही डोळे बंद, पापण्या फुगून गोट्यांसारख्या झालेल्या. अक्कांनी जास्वंदीचं फूल नाकाशी धरलं तर दचकून मागे सरला. मी सगळ्यात आधी ट्यूबचं बटण बंद केलं, "तुमच्या डोळ्यांना उजेडाचा त्रास नको" असं म्हणत. बघा, तेव्हाही कारण तयार होतं. अक्कांनी धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला, सुजलेल्या डोळ्यांनी अंदाजाने आकडे दाबत. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला — दिवा बदललात का? अक्का म्हणाल्या, "आमना दिलीपनी बदली दिना. त्यालेच इचारा." आणि फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टरांचा आवाज शांत होता. म्हणाले, "नीट सांगा हं. दिवा चुकीचा असेल तर त्याचे डोळे भाजलेत. मग वेळ घालवू नका, आजच्या आज धुळ्याला घेऊन या. दिवा कोणता आहे? मोजलाय का?"

आजच्या आज. हे शब्द मी स्वच्छ ऐकले. फोन कानाला होता, ऐकू आलं नाही असं म्हणायला जागाच नाही. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणजे बघायचा प्रयत्न करत होत्या. नाना दारात. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं! पोलीस दिसले, जंगलखातं दिसलं, प्रज्ञा बंगळूरहून उतरताना दिसली, दुकानापुढे गल्ली जमलेली दिसली, आणि यावलचा तो माणूस चादर झटकत सगळ्यांना सांगताना दिसला — हाच तो रुमालवाला.

"सरड्याचाच दिवा आहे, डॉक्टर," मी म्हणालो. "मीटरने मोजलाय." अक्कांना त्यात काही वावगं वाटलं नाही; त्यांच्या लेखी माझा रुमाल म्हणजेच मीटर होता.

"किती आला?"

जन्मभर मी आकडे फुगवले. तीन फुटांचे सहा केले, सहांचे पन्नास केले. त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, मी आकडा फुगवला नाही. अक्कांच्या तोंडून ऐकलं होतं, तीन ते चारच्या मध्ये असला की बरा.

"साडेतीन," मी म्हणालो.

डॉक्टरांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? इतका साधा, इतका सभ्य आकडा कोण खोटा सांगेल? मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मग दोघांच्याही डोळ्यांना कशाने झालं असेल?"

खिडकीतून अक्कांचं मागचं अंगण दिसत होतं. अंगणभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आलेली, आमच्याकडे वर्षाचा काळा मसाला ह्याच दिवसांत होतो. त्या आठवड्यात अक्का रोज सकाळी मिरच्या खुडत होत्या, भाजत होत्या, खलबत्त्यात कुटत होत्या. त्यांच्या मसाल्याचा वास आला की आमच्या गल्लीत लोक जेवायची वेळ विसरायचे. ही थाप नाही. हे खरं आहे.

मी मिरच्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "मसाल्याचे दिवस आहेत, डॉक्टर. अक्का त्याला हाताने भरवतात."

झालं. हेच ते. इथवर यायला मला इतकी पानं लागली.

डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. साध्या पाण्याने धुवत राहा, चार दिवस बघा, उतार नाही पडला तर आणा. मी फोन ठेवला. अक्कांनी दोन्ही हात पुढे धरले होते, तळवे वर करून, आणि त्या सुजलेल्या डोळ्यांनी तळव्यांकडे बघत होत्या. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

"मनाच हात, दिलीप," त्या म्हणाल्या. "मनाच हात."

मी तिथे उभा होतो. मी म्हणालो, "होतं असं, अक्का." हे मी म्हणालो.

चार दिवस त्या बाईने तासातासाला त्याचे डोळे धुतले, पहिले दोन दिवस तर स्वतःचे नीट उघडत नसताना. पाचव्या दिवशी नाना त्याला टोपलीत घालून, वर ओला पंचा टाकून गाडीने धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवा होता. उजवा डोळा गेला. डाव्याला सावली तेवढी दिसते. अक्कांचे डोळे दोन-तीन दिवसांतच बरे झाले होते, आणि ते बरे झाले ह्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. मला म्हणाल्याही तसं.

त्या चार दिवसांत मी काय केलं? ट्यूब काढून आणली, जाड कागदात गुंडाळली आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवली. पुढे मुंबईहून खरा दिवा आला, तो फुकट बसवून दिला. फुकट! अक्का गल्लीभर सांगत सुटल्या, "दिलीपसारखा मानूस नही. दिवा बराबर व्हता तरी बदली दिना, एक पैसाबी लिधा नही." मला दिवाळीला त्यांच्या घरून फराळ येतो. अनारसे येतात. मी खातो.

त्यानंतर अक्कांनी मसाला केला नाही. त्या वर्षी वाळलेल्या मिरच्या वाटून टाकल्या. हिरालालला हात लावायच्या आधी आता तीनदा हात धुतात, एकदा साबणाने, एकदा ताकाने, एकदा नुसत्या पाण्याने, आणि मग हुंगतात. तो बांगड्यांच्या आवाजावर मान वळवतो. नाना ताटावर कुरकुरतात, "ह्या भाजीले नुसता रंग शे." अक्का वरून मीठ वाढतात. आधी नानांना एका वाक्यात गप्प करायच्या.

आणि मी? मी घाबरतो. त्यांच्या घरून फोन आला की आधी चार वेळा वाजू देतो. माळ्यावर उंदीर फिरला की वाटतं कागद कुरतडतोय, ट्यूब घरंगळतेय, खाली पडेल आणि कुणीतरी विचारेल ही कसली. फेकून का देत नाही? कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि पुठ्ठ्यावरचं ते डोळ्याचं चित्र कुणी बघितलं तर? रुमाल मात्र मी परत कधी काढला नाही. लोकांना सांगतो, हरवला. पुढे असंही सांगतो की विमानतळावर चोरीला गेला. मी विमानतळ बघितलेला नाही.

ह्या वर्षी आखाजीला प्रज्ञा माहेरी आली. लेकी येतातच आखाजीला, पण ती धुळ्यावरून आली, आणि हातात पत्र्याचा डबा होता. तो मीटर. मला बोलावणं आलं — काका, बघायला या, तुम्हाला आवडेल. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. आयुष्यात मला कारण सुचलं नाही असं ते पहिल्यांदाच.

तिने पिंजऱ्यात मीटर धरला, आकडा वाचला, मान डोलावली. मग डबा घेऊन स्वयंपाकघरात आली आणि हसत म्हणाली, "काका, तुमच्या रुमालाची गोष्ट मी बंगळूरलाही सांगते. पण चमक वेगळी आणि हे वेगळं, बरं का." मी हसलो. ती पुढे म्हणाली, "त्या वर्षीचा दिवा कोणता होता हो? मला अजून कळत नाही, मिरचीने दोन्ही पापण्या इतक्या कशा भाजतील."

अक्कांनीच उत्तर दिलं, पोळीला तूप लावता लावता. "दिवा बराबर व्हता व माय. साडेतीन आकडा उना व्हता. मना समोर सांगं ना त्यानी डाक्टरले."

इतकी वर्षं अक्कांनी माझा आकडा जपून ठेवला होता.

"कशावर मोजला होता?" प्रज्ञाने मला विचारलं.

"हाच की," मी म्हणालो. "धुळ्याचाच मागवला होता."

डब्यात मीटरच्या खाली एक लहानशी वही होती. मला ती ठाऊक नव्हती. मीटर ज्याच्याकडे जातो तो तिच्यात आपलं नाव, गाव आणि आलेला आकडा लिहितो. प्रज्ञाने वही उघडली. मागे मागे गेली. पान उलटायचा आवाज, एवढाच. त्या वर्षाच्या पानांवर तिचं बोट वरून खाली गेलं, मग पुढच्या पानावर, मग पुन्हा मागच्या. मी चुलीकडे बघत होतो, पण मला ते बोट दिसत होतं.

तिने वही मिटली. डब्यात ठेवली, वर मीटर ठेवला, झाकण लावलं. माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. आणि म्हणाली, "काका, चहा घ्या. निवतोय."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिने आईला सांगितलेलं नाही, हे मला अक्कांच्या चेहऱ्यावरून कळतं. अक्का अजून मला तशाच हाक मारतात. का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. कदाचित मी सांगावं म्हणून वाट बघत असेल. मी सांगितलेलं नाही. मी हे इथे लिहितोय आणि त्यांचं घर इथून तिसरं आहे.

प्रज्ञा गेल्यावर चार दिवसांनी अक्का आमच्याकडे आल्या. कमरेवर लोखंडी खलबत्ता, धापा टाकत. मी पुढे होऊन घेतला. माझ्या बायकोला म्हणाल्या, "लई जाय माय, तुले व्हई. मना घरमा पडी पडी गंज चढी ऱ्हायना. मना हातले आते ते काम नको." बायकोला फार आनंद झाला. अक्कांनी ओट्याशी बसून तिला मसाला शिकवला — कांदा किती भाजायचा, खोबरं कधी टाकायचं, बत्ता मनगटातून कसा सोडायचा. तोंडाने शिकवला सगळा. मिरचीला हात लावला नाही.

आता आमच्या घरात मसाला होतो. बायको कुटते, मी बाहेरच्या खोलीत बसतो. लोक म्हणतात, अगदी इंदूअक्कांसारखा झालाय.

मी जेवतो.